खालच्या बाजूचा माणूस

त्याला सगळे खालचा म्हणायचे. आईबापाने ठेवलेलं एक नाव होतं, पण ते सांगायची वेळ आली की तो क्षणभर अडखळायचा, जणू कुणा शेजाऱ्याबद्दल विचारलंय. घरसामान हलवणारा हमाल. खांदे असे की दारातून आत येताना अंग तिरकं करावं लागायचं, आणि बोलणं असं की दिवसभरातले शब्द एका मुठीत मावावेत.

ज्याने कधी जिन्यावरून कपाट उतरवलंय त्याला खालचा म्हणजे काय ते सांगायला नको. दोघं असतात. एक वर, एक खाली. वरचा नुसता आवरून धरतो. वस्तूचा सगळा भार खालच्याच्या छातीवर आणि मांड्यांवर येतो. निसटलं तर वरचा हात झटकून मोकळा होतो, खालचा दबतो. म्हणून हमाल लोक दिवसाआड बाजू बदलतात, आणि नाही बदलली तर एकमेकांच्या उभ्या खानदानाचा उद्धार करतात. हा मात्र पोरवय सरल्यापासून खालीच. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मला वरून दिसत नाही नीट."

वरची बाजू त्याच्या मेहुण्याकडे होती. बायकोचा धाकटा भाऊ. अंगाने काटकुळा, तोंडाने भरभक्कम. गिऱ्हाइकासमोर म्हणायचा, "आमचे दाजी जमिनीजवळच राहतात, पडले तरी फार लागायचं नाही." दाजी पट्टा आवळत राहायचे. पट्टा म्हणजे रुंद, जाड, खांद्यावरून घ्यायचा. घामाने तो इतका काळा पडला होता की मूळ रंग कोणता यावर दोघांत अजून एकमत नव्हतं.

या धंद्यात एक गोष्ट कडक. हात बदलायचा असेल, पकड सोडून दुसरी घ्यायची असेल, तर वरच्याने विचारायचं, "सोडू?" आणि खालच्याने पूर्ण भार अंगावर घेतल्यावरच म्हणायचं, "आला." हा शब्द कानावर पडेपर्यंत बोटं तुटली तरी सोडायचं नाही. आणि एकदा "आला" म्हटलं की तो भार म्हणणाऱ्याचा. मग "जरा धर रे" नाही, कुरकूर नाही. खाली टेकेपर्यंत त्याचाच.

हे सगळ्या हमालांना ठाऊक असतं. दुसरी गोष्ट थोड्यांना ठाऊक असते आणि ते ती बोलत नाहीत.

कधीकधी एखादी वस्तू असायला हवी त्यापेक्षा जड लागते. रिकामं कपाट, आत घडीचा रुमालसुद्धा नाही, आणि उचलावं तर गुडघे वाकतात. जुने हमाल त्याला आगाऊ म्हणतात. ज्या वजनाला वस्तू नाही ते वजन. त्या घरातल्या कुणाचंतरी मरण जवळ आलेलं असतं, आणि माणसाच्या आधी ते त्याच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंत येऊन बसतं. वरच्या बाजूला ते कळत नाही. खालच्याला कळतं.

खालच्याला हे कळलं तेव्हा तो खालचा नव्हता. वीस-एकवीसचा पोरगा, म्हाताऱ्या मुकादमाच्या जोडीला, वरच्या बाजूला. एका कपडे शिवणाऱ्या बाईचं घर हलवत होते. तिच्या खांद्यावर तापाने फणफणलेलं मूल. शेवटी मुलाची वेताची छोटी खाट राहिली, एका बोटाने उचलावी अशी. पण दोघांनी धरली, कारण मुकादम म्हणाला धर. जिन्याच्या वळणावर पोराला पकड बदलायची होती. तो सवयीने म्हणाला, "सोडू?"

मुकादम खाली उभा होता. पाय थरथरत होते, मानेच्या शिरा दोरासारख्या. त्याने वर पाहिलं. पोराकडे नाही, पोराच्या मागे दारात उभ्या बाईकडे. आणि म्हणाला, "आला."

संध्याकाळी टेम्पोत सामान लावून होतंय तोवर ते मूल आईकडे खायला मागत होतं. मुकादमाने पोराला बाजूला घेतलं, आगाऊ म्हणजे काय ते सांगितलं, आणि त्यावर उपायही सांगितला. "मुक्याने उतरवायचं. शब्द बोलायचा नाही. पायरी पायरीला टेकवायचं, दम घ्यायचा, पुन्हा उचलायचं. म्हणजे ज्याचं आहे त्याचंच राहतं. आपण नुसते हमाल." मग हसला. "मला सांगायला उशीर झाला. तू विचारलंस आणि तोंडातून गेलं. गेलं म्हणजे काय, मी घालवलं." पंधरा दिवसांत म्हातारा स्वतःच्या घराच्या भिंतीला टेकून बसला तो उठलाच नाही.

त्यानंतर त्या पोराने वरची बाजू कधी धरली नाही. "सोडू?" हा प्रश्न पुन्हा कुणाला विचारायचा नव्हता, एवढंच. नजरेचं कारण त्याने लोकांसाठी काढलं होतं.

पुढच्या वर्षांत आगाऊ त्याला कितीदा तरी भेटला. एका निवृत्त मास्तरांच्या आरामखुर्चीत, एका नव्या नवरीच्या आरशाच्या टेबलात. मेहुण्याशी त्याची खूण ठरलेली होती. जिभेने टाळूवर टक् केलं की बोलायचं नाही, पायरीपायरीने टेकवत जायचं. मेहुणा खूण पाळायचा आणि मागून चिडवायचा, "दाजींना भूत लागलं." दाजी सामान पोचवून घरी येत, हातपाय धूत आणि जेवत. मरणारे आपापले मरत. बायकोला मात्र त्याने सांगितलं होतं. ती ताट वाढताना तोंड बघून ओळखायची. "आज होता वाटतं?" तो मान हलवायचा. ती भाकरी वाढायची. संपलं.

त्याच्या स्वतःच्या मुलाचं घर हलवायचं ठरलं तेव्हा बोलणं आधी बायकांत झालं आणि नेहमीसारखं बिनसलं. सून लग्नानंतर वर्षाच्या आत वेगळी झाली होती. "तुमच्या घरात श्वास घ्यायचा तर आधी विचारावं लागतं," असं सासूला तोंडावर म्हणून. सासऱ्याशी तिचं भांडण नव्हतं, कारण भांडायला समोरच्याने बोलावं लागतं. तो तिच्याकडे गेला की ती चहा ठेवायची, पातळ, साखर नावाला, आणि तो पिऊन उठायचा. आता त्यांना पलीकडच्या रस्त्याला मोठी खोली मिळाली होती. मुलगा म्हणाला, दुसरे हमाल बघतो. बाप म्हणाला, "का? आम्ही मेलो काय?"

सकाळी खालचा आणि मेहुणा तिथे पोचले. सून डोक्याला रुमाल घट्ट बांधून भांडी कागदात गुंडाळत होती. डोकं दुखतंय म्हणाली, हल्ली रोजच दुखतं, ऊन असेल. नात आपल्या स्टुलावर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. मुलगा नव्या घराची किल्ली आणायला गेला होता.

"पलंग आधी काढू," मेहुणा म्हणाला. "अवघड दुखणं आधी."

पलंग जुना, लाकडी, एकसंध. सुटा होणारा नव्हे. खालच्याने अंदाज घ्यायला आपलं टोक उचललं आणि परत ठेवलं. आगाऊ होता.

या पलंगावर तिघं झोपत.

"काय झालं दाजी? कंबर?"

"थांब. बारकं काढू आधी."

त्याने मुलाची खुर्ची उचलली. खुर्चीएवढीच. नातीला म्हणाला, "ऊठ जरा." स्टूल उचललं, ते हातात कागदासारखं आलं, आणि त्याचे डोळे भरून आले, नातीला वाटलं आजोबा रागावले. मग खिडकीपाशी शिवणयंत्र होतं. हातानं चालवायचं, सुनेचं, माहेरहून आणलेलं. त्याने मुठीला हात घातला आणि यंत्र जमिनीला खिळलेलं लागलं. जोर लावला तेव्हा तसूभर हललं, आणि त्याच्या पाठीतून जी कळ गेली ती त्याच्या ओळखीची होती.

तिचं होतं.

त्याच्या छातीतला दगड उतरला. आधी हेच झालं, ते लपवून काय होणार. मुलाचं नाही. नातीचं नाही. परक्या घरातून आलेल्या, सरळ तोंडाने कधी न बोललेल्या बाईचं. सुटलो, असं त्याच्या मनात आलं. आणि ते मनात आलं तेव्हा ती बाई त्याच्यासमोर उकिडवी बसून त्याच्याच नातीची दुधाची वाटी कागदात गुंडाळत होती, आणि दर थोड्या वेळाने कपाळ मनगटाने दाबत होती.

"बाबा, यंत्र जड आहे, त्याला मी हात लावते थांबा," ती म्हणाली.

"नको," तो म्हणाला. एवढ्या जोरात, की ती बघत राहिली.

त्याने ठरवलं. मुक्याने उतरवायचं. आजवर लोकांचं उतरवलं, तसंच. आपण नुसते हमाल. यंत्र त्याने एकट्याने, पायरीपायरीला टेकवत, खाली नेलं. वर येऊन पलंगाला पट्टा लावला आणि जिभेने टाळूवर टक् केलं.

मेहुण्याचं लक्ष नव्हतं. भाच्याचं घर, त्यात नात समोर, म्हणजे त्याचं तोंड सकाळपासून थांबलंच नव्हतं. तो तिला सांगत होता, तुझ्या आजोबांनी एकदा अख्खा हत्ती जिन्यावरून उतरवला, आणि मी वर बसलो होतो, हत्तीवर. तशाच हसण्यात त्याने वरचं टोक उचललं.

पहिल्या पायऱ्या ठीक गेल्या. टेकव, श्वास, उचल. वळण अरुंद होतं. तिथे पलंग उभा तिरका करावा लागतो आणि टेकवायला जागा राहत नाही. खालचा भिंतीला पाठ लावून मागे सरकत होता. मांड्या जळत होत्या. एवढा भार त्याने कधीच उचलला नव्हता. तरुण बाईचं, सगळं आयुष्य बाकी असलेलं मरण ते. मेहुण्याची बोटं पलंगाच्या कडेत आणि भिंतीत चेपली.

"दाजी, बोटं गेली. सोडू?"

खालच्याने पुन्हा टक् केलं.

"अहो दाजी, खेळ नका करू. हात निळा पडतोय. सोडू?"

वरचा सोडू शकत नव्हता, शब्द आल्याशिवाय त्याला कुणी सोडायला शिकवलंच नव्हतं. आणि खालचा तो शब्द देत नव्हता. पलंग दोघांच्या मधे लटकला. एक-दोन दमांची गोष्ट होती. मेहुणा कळवळेल, पण धरेल. जरा मागे सरकलं की जिन्यातला सपाट चौक लागेल, तिथे टेकवता येईल. मग झालं.

सून यंत्राच्या तेलाची बाटली टेम्पोत ठेवून वर येत होती. तिने खालून पाहिलं, सासऱ्याचे पाय लटपटताहेत. तिने ओढणी कमरेला खोचली आणि त्याच्या मागे, त्याच्याखालच्या पायरीवर येऊन पलंगाच्या कडेला खांदा लावला.

"बाबा, मी खाली लागते. द्या इकडे थोडा."

त्याच्या मानेवर तिचा श्वास लागला. चाळीस वर्षांत त्याच्याखाली कुणी उभं राहिलं नव्हतं. त्याच्या मागे पायऱ्या असायच्या, भिंत असायची, हवा असायची. माणूस कधीच नाही. आता तो निसटला तर आधी ती होती. ती दोन्ही हातांनी आपलंच मरण वर ढकलत होती, आणि त्याला म्हणत होती, द्या थोडा.

"बाजूला हो," तो म्हणाला.

"अहो, पण तुमचे पाय..."

"माझ्या खाली कुणी उभं राहायचं नाही. हो बाजूला, बाई."

ती हटेना. वर मेहुणा बोटांनी कण्हत होता. "दाजी, शेवटचं विचारतो. सोडू?"

खालच्याने खांदा पुढे घातला, पलंग तिच्या अंगावरून स्वतःच्या छातीवर ओढून घेतला आणि म्हणाला,

"आला."

मेहुण्याने हात काढून घेतले. जिन्यात लाकूड करकरलं. आणि पलंग हलका झाला, नुसता पलंगाएवढा. खालच्याने तो एकट्याने पाठीवर घेतला आणि उरलेल्या पायऱ्या उतरला. प्रत्येक पायरी त्याच्या पायाखाली ठण् वाजत होती, पलंग टेम्पोत ठेवून तो रिकाम्या हाताने परत चढला तेव्हासुद्धा.

दुपारपर्यंत नव्या घरी सामान लागलं. सुनेने रुमाल सोडून केस मोकळे केले. म्हणाली, "आज किती दिवसांनी डोकं उतरलं. हवा चांगली आहे इथली." मग चहा ठेवला. तो प्यायला. साखर कमी होती.

घरी येताना टेम्पोवाला म्हणाला, "काका, सामान तर उतरलं, तरी गाडी तुमच्याच बाजूला ओढतेय."

बायकोने जिन्यावरची पावलं ऐकली आणि दार उघडण्याआधीच बोलायला लागली, "काय दगड खाऊन आलात का? जिना रडतोय." दार उघडून तिने तोंड पाहिलं. पाण्याचा तांब्या हातातच राहिला.

"होता?"

त्याने मान हलवली.

"कुणाचा?"

"तिचा."

"मग?"

तो बसला. खाटेच्या दोऱ्या ताणल्या गेल्या. तिने तांब्या खाली ठेवला, अगदी हळू, जणू तोही जड झालाय.

"मला विचारायचं तरी होतं," ती म्हणाली.

"जिन्यात कुठे विचारू."

"तिच्यासाठी? जिने तुम्हाला एक कप चहा धड दिला नाही तिच्यासाठी?"

"साखर कमी असते," तो म्हणाला. "चहा वाईट नसतो."

ती खूप रडली, त्याला नाही नाही ते बोलली, त्याच्या त्या मेलेल्या मुकादमालाही सोडलं नाही. मग डोळे पुसून त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि दोन्ही हात पुढे केले, ओंजळीसारखे.

"बोला."

"काय?"

"विचारा मला. सोडू म्हणा. मी आला म्हणते. माझं काय राहिलंय आता."

तो तिच्या हातांकडे बघत राहिला. भांडी घासून घासून चिरा पडलेले हात. त्याने तोंड घट्ट मिटलं.

तेव्हापासून त्याने बोलणं जवळजवळ टाकलं. आधीच कमी, त्यात आता पाणी हवं असलं तरी हाताने दाखवायचा. मुलाला वाटलं बापाला अर्धांगाचा झटका आलाय. डॉक्टरने तपासलं, म्हणाला हृदय थकलंय, वजन कमी करा. मेहुणा रोज येऊन बसायचा. त्याला आता सगळं कळलं होतं, बहिणीने सांगितलं होतं, शिव्यांसकट. तो आपली काळीनिळी बोटं चोळत म्हणायचा, "दाजी, मी टक् ऐकलं नाही हो. मला द्या ना. मी विचारलं होतं, आता तुम्ही विचारा. फिटंफाट." खालचा मान हलवायचा, नाही. एकदा मात्र म्हणाला, "तुला नाही झेपायचं. तू वरचा." मेहुणा हसला आणि मग भिंतीकडे तोंड करून बसला.

भीती त्याला वाटत होती. ती बायकोलाच दिसायची. दुपारी डोळा लागला की तो दचकून उठायचा, आणि पहिला हात तोंडावर जायचा, झोपेत बोललो तर नाही ना. शेवटी शेवटी तो पट्ट्याचं टोक दातांत धरून झोपायचा. बायको उशाशी बसून असायची. तिने एक गोष्ट केली जी तिने पुढे कुणाला सांगितली नाही. तो ग्लानीत असताना ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणायची, "दमलात ना? विचारा ना. एकदाच विचारा." त्याचे ओठ हलायचे. ती वाट बघायची. पट्टा दातांत आणखी रुतायचा.

अशाच एका भर दुपारी, खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत असताना, त्याने खाट सोडली आणि जमिनीवर बसला. भिंतीला पाठ लावली, जिन्याच्या वळणावर लावायचा तशी. पाय रोवले. बराच वेळ कुणीतरी वरून देत असल्यासारखा ताठ बसला. मग त्याचे हात हळूहळू खाली आले, एखादी वस्तू नीट टेकवावी तसे, बोटं अडकू न देता.

पट्टा दातांतून काढायला मुलाला बराच वेळ लागला.

त्याला खाली न्यायचं होतं. गाडी दारात लागली. मुलगा डोक्याकडे, वर. मेहुणा पहिल्यांदाच खालच्या बाजूला गेला. दाजींच्या देहाचा सगळा भार आज आपल्यावर येणार म्हणून त्याने दात आवळले, मांड्या ताठ केल्या. उचललं आणि तो गोंधळला. एवढा मोठा माणूस, आणि काहीच नाही. आत काही उरलंच नव्हतं. आयुष्यात एकदा खालची बाजू मिळाली, तीही हलकी.

वळणावर मुलाचा हात अडकला. "मामा, सोडू?"

मेहुण्याने जिभेने टाळूवर टक् केलं, आणि पुढच्या पायरीवर टेकवलं. दम घेतला. उचललं. असेच ते मुक्याने उतरले, पायरी पायरीने.

वर दारात सासू आणि सून उभ्या होत्या. सून रडत होती, मोकळं, खरं. म्हणाली, "आई, बाबा कधी बोलले नाहीत माझ्याशी धड. शेवटी काही म्हणाले का?"

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. रुमाल न बांधलेलं कपाळ, नीट चाललेला श्वास. तिच्या तोंडात सगळं आलं होतं. जिन्यात खालून लाकडाचा आवाज येत होता, टेकव, उचल, टेकव.

"म्हणाले ना," ती म्हणाली. "तुझ्या चहात साखर कमी असते."